‘सूपभर’च्या ऑर्डरी कुठे गेल्या

टिंग!

दुपारचे अडीच वाजले होते. वीज गेलेली, त्यामुळे पंखा गप्प, फ्रीज गप्प, आणि पाच वर्षांची आवडी झोपलेली म्हणून सगळं घरच गप्प. त्या शांततेत ‘टिंग’ झालं आणि समीक्षा कणकेने माखलेल्या हातांनिशी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत धावली. मोबाइल कोपराने सरकवला, नाकाने उघडला. स्क्रीनवर काही नव्हतं. भांड्यांच्या जाळीत एक वाटी घसरून पेल्यावर टेकली होती, एवढंच. मात्र मोबाइलच्या काचेवर कणीक लागली होती आणि नाकावरही.

हे त्या आठवड्यात चौथ्यांदा झालं होतं. एकदा आवडीच्या सायकलची घंटी, एकदा शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह, एकदा तर तिच्याच हातातली बांगडी. ऑर्डर आली की मोबाइल ‘टिंग’ करायचा, आणि मोबाइलने टिंग करणं सोडून दिल्यापासून जगातली बाकीची प्रत्येक वस्तू टिंग करायला लागली होती.

‘सूपभर’ हे समीक्षाचं ऑनलाइन दुकान. रोह्याला लागून असलेल्या वरश्यातल्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते दिवाणाच्या एका खणात आणि मोबाइलच्या एका कोपऱ्यात मावायचं. पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंडं, कडवे वाल, एवढाच माल. पापड-मिरगुंडं पेणच्या इंदुबाई आणि त्यांच्या हाताखालच्या चौघीजणी उन्हाळ्यात करायच्या, वाल सासूबाईंच्या माहेरच्या शेतातले. आवडी शाळेत असते किंवा झोपते तेवढ्या वेळात समीक्षा पाकिटं भरायची, पत्ते लिहायची. दिवसाला आठ-दहा ऑर्डरी यायच्या. फार नाहीत, पण लग्नाला सात वर्षं झाल्यावर घरात ‘हे माझं’ म्हणावं अशी ती पहिलीच गोष्ट होती. बाकी सगळं ‘आपलं’ होतं.

दुकान छान चाललेलं असताना त्याला हात लावण्याची दुर्बुद्धी कशी झाली, तर शाळेतली मैत्रीण शीतल पुण्याहून आली आणि वेबसाइट बघून म्हणाली, “अगं, हे बारशाचं निमंत्रण वाटतंय.” जुनी वेबसाइट नवऱ्याच्या कंपनीतल्या एका मित्राने फुकटात करून दिली होती. पिवळ्याधमक पाटीवर लाल अक्षरं उघडझाप करायची आणि एका कोपऱ्यात विनाकारण मोर होता. त्या मोराने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण बारसं म्हटल्यावर समीक्षाला तो रोज दिसायला लागला आणि रोज टोचायला लागला.

मग हर्षद आला. हर्षद हमरापूरचा. घरी गणपतीचा कारखाना, स्वतः कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि हात मूर्ती रंगवून तयार झालेला. त्याने वेबसाइटही गणपती रंगवावा तशी रंगवली. पितांबरी छटा, सोनेरी किनार, पापडांवर अशी झळाळी की तळण्याआधी नमस्कार करावासा वाटावा. सगळ्यांनी वाहवा केली. पहिल्या दिवशी ऑर्डरी पाच आल्या. दुसऱ्या दिवशी दोन. नंतर एक. आणि नंतर नुसत्या वाट्या घसरायला लागल्या.

पंधरवडाभर समीक्षाने कुणाला काही सांगितलं नाही. सोळाव्या दिवशी इंदुबाईंचा फोन आला.

“काय गो समीक्षा, तुझं दुकान चालू हाय का बंद केलंस?”

“चालू आहे हो इंदुमावशी. जरा वेबसाइटचं काम चाललंय.”

“काम चालू हाय म्हणून गिऱ्हाईक नाय व्हय? आमच्या रस्त्याचं पन काम चालू हाय, तरी मानसं जातात की त्यावरनं.” इंदुबाई मुद्द्यावर आल्या. “हे बघ, सातशे पाकिटं माळ्यावर पडलीत. वर पाऊस. बायका विचारतात, आमच्या कष्टाचं काय? पेठेतला व्यापारी सगळी उचलायला तयार हाय. त्याच्या नावाची चिठ्ठी लावनार तो. आन एकदा त्याला दिली, की पुढच्या उन्हाळ्याचीपन त्यालाच. रविवारपर्यंत थांबते तुझ्यासाठी. मग नाय गो थांबता यायचं.”

त्या दिवशी बुधवार होता.

इंदुबाईंचा माल गेला म्हणजे ‘सूपभर’ गेलं. दुसरीकडचे पापड आणून विकता आले असते, पण ते पापड इंदुबाईंचे नसते आणि दुकान समीक्षाचं नसतं. तिने पदर खोचला. म्हणजे घरात ती गाऊन घालते, पण मनातल्या मनात खोचला.

इमारतीत एखाद्याची अडचण कळायला तीन मजले आणि एक दुपार पुरते. समोरच्या वैशालीवहिनी साखर मागायला आल्या आणि साखर न घेता अर्धा तास बसल्या.

“नजर आहे गं ही. एवढं सुंदर केलंस, सगळ्यांना दाखवलंस, लागणारच. दुकानाला लिंबू-मिरची बांधलीस?”

“वहिनी, दुकान मोबाइलमध्ये आहे.”

“मग मोबाइलमध्ये बांध.”

समीक्षा हसली. पण संध्याकाळी स्वयंपाकघर आवरताना विचार आला, की बांधायला काय हरकत आहे? नुकसान तर काही नाही. तिने लिंबू-मिरचीचा एक फोटो शोधला आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, अगदी बारीक दिसेल असा लावला. मग समोर जाऊन वैशालीवहिनींच्याच मोबाइलवर उघडून बघितलं, तर लिंबू कलिंगडाएवढं झालेलं आणि बरोब्बर ‘खरेदी करा’ या बटणावर येऊन बसलेलं. मिरच्या खाली पापडांच्या वर्णनापर्यंत लोंबत होत्या. ते काढायला तिला तीन तास लागले, आणि त्या तीन तासांत आवडीने भिंतीवर स्केचपेनने घर, झाड आणि बिनशेपटीचा एक प्राणी काढला.

तिसऱ्या मजल्यावरचे मारुतीकाका तहसील कचेरीतून निवृत्त. त्यांना नजर-बिजर मान्य नव्हती. त्यांचा विश्वास अर्जावर.

“तू तोंडी तक्रार केलीस, इथेच चुकलं,” ते म्हणाले. “मी मसुदा करून आणलाय.” आणि त्यांनी खिशातून फुलस्केप कागद काढला. ‘प्रति, मा. व्यवस्थापक, इंटरनेट विभाग. विषय : ऑर्डरी अचानक कमी झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की…’

“काका, पण हे पाठवायचं कुठे?”

“पत्ता तू बघ. तुम्ही तरुण मंडळी. मात्र पोच घ्यायला विसरू नकोस.”

कागद इतक्या मायेने लिहिलेला होता की तो टाकणं जमेना. समीक्षाने तो फ्रीजवर चुंबकाखाली लावला. पुढे जो येईल तो वाचायचा आणि एक मुद्दा सुचवून जायचा.

या सगळ्यात एक खरा अडथळाही होता. वेबसाइट बदलल्यामुळे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने पुन्हा कागदपत्रं मागितली होती, ‘व्यवसायाच्या जागेचा पुरावा’. बहुधा इथेच पाणी मुरतंय असं वाटून समीक्षा गुरुवारी सकाळी आवडीला शाळेत सोडून तशीच ग्रामपंचायतीत गेली. टेबलामागच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं.

“दुकान कुठल्या वॉर्डात?”

“ऑनलाइन आहे.”

“ते झालं. पण वॉर्ड कुठला?”

“म्हणजे तसं घरातच आहे. दिवाणात.”

“कुठे?”

“दिवाणाच्या खणात. वर आम्ही झोपतो.”

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ताई, शटर आहे का? नाही. बोर्ड आहे का? नाही. मग आम्ही दाखला कशाचा द्यायचा, दिवाणाचा?”

बोर्ड हवा म्हटल्यावर बोर्ड झाला. आवडीच्या बुटांच्या खोक्याचं झाकण, त्यावर ‘सूपभर’ अशी अक्षरं. ते छातीशी धरून समीक्षा आपल्याच दारात उभी राहिली आणि वैशालीवहिनींनी फोटो काढला. फोटोत ती नुकतीच पकडून आणलेली दिसत होती. दाखल्याऐवजी तोच फोटो पाठवला, तर कंपनीने मात्र दहा मिनिटांत मंजुरी दिली आणि सोबत कळवलं, की आपले व्यवहार कधीच थांबवलेले नव्हते, ही केवळ नेहमीची तपासणी होती.

म्हणजे तेही कारण नव्हतं.

आणि अशा वेळी गुरुवारी दुपारी खरंखुरं टिंग झालं! पोह्याचे पापड, दोन पाकिटं, पत्ता धाटावच्या एका कंपनीचा, नाव कुणा अनोळखी माणसाचं. समीक्षाने ती ऑर्डर भरली तशी कुणी मुलीची पाठवणीही करत नसेल. दोन पाकिटांवर एक मिरगुंडांचं भेट म्हणून, आत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी, ‘आपण आमच्यावर विश्वास दाखवलात, मनापासून आभार’. चिठ्ठीच्या कोपऱ्यात आवडीने काढलेलं फूल. धाटाव जवळच, म्हणून कुरिअरवाल्याच्या मागे लागून लगेच रवाना केली.

शुक्रवारी दुपारी पहिल्या शिफ्टवरून नवरा, अक्षय, घरी आला आणि डब्याच्या पिशवीतून टिफिन काढताना ते पार्सल खाली पडलं. न फोडलेलं.

समीक्षाने ते उचलून नाव वाचलं.

“तुझ्या मित्राच्या नावाने मागवलंस?” समीक्षाने विचारलं.

“अगं, तुझा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, एक तरी येऊ दे.”

“आणि ते घरी आणलंस?”

“मग काय करणार? आपल्याकडचे पापड मला आवडतात.”

नवरा प्रेमाने वागला की भांडताही येत नाही, हा संसारातला मोठाच अन्याय आहे. समीक्षाने आतली चिठ्ठी मुकाट्याने काढून घेतली. मिरगुंडं मात्र त्या रात्रीच तळली. तिच्या सासूबाई, बायजाबाई, खाता खाता म्हणाल्या, “पावसाची जरा सादळलीत गो. पन चव हाय.” समीक्षाने आणखी चार त्यांच्या ताटात वाढली. 

आता हर्षदशिवाय मार्ग नव्हता. पण हर्षद फोन उचलत नव्हता. आठ दिवस तिने केलेल्या प्रत्येक फोनला त्याच्या आईने एकच उत्तर दिलं होतं, “आखनीला बसलाय.”

गणपतीच्या गावात आखणीला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. बाकी रंग कुणीही देईल, डोळे एखाद-दोघांच्याच हातचे, आणि हर्षदच्या घरात ते हर्षदच्या हातचे. सण तोंडावर, शेकडो मूर्ती, प्रत्येकीला दोन डोळे. पुण्या-मुंबईच्या वेबसाइटवाल्यांचा सर्व्हर बंद पडतो म्हणे. हिचा माणूस देवाला दृष्टी देत बसला होता, त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

शनिवारी आवडीला सुट्टी. तिला कडेवर घेऊन समीक्षाने सकाळची दिवा स्टेशनकडे जाणारी गाडी धरली आणि हमरापूरला उतरली. कारखान्यात पाऊल टाकलं तर शे-दीडशे गणपती, सगळे आंधळे. आणि मधोमध हर्षद, श्वास रोखून, एका बुबुळाच्या कडेवर.

“आई, ह्यांना दिसत नाही?” आवडीने खच्चून विचारलं.

ब्रश थबकला. कारखान्यातल्या सहा माणसांनी एकदम मान वळवली. समीक्षाने आवडीच्या तोंडावर हात ठेवला आणि पुढची चाळीस मिनिटं त्या दोघी एका पोत्यावर बसून राहिल्या. डोळा पुरा झाल्यावर हर्षद उठला, पाठ मोकळी केली आणि तिला बघून एकदम ओशाळला.

“ताई, तुम्ही इथवर आलात? सांगा, काय झालं?”

तिने सांगितलं. लिंबू, अर्ज, बोर्ड, नवऱ्याची ऑर्डर, सगळं. हर्षदने रंगाच्या बोटांनी मोबाइल काढला, दुकानाचे आकडे उघडले आणि कपाळाच्या आठीला बोट लावलं. आठीवर निळा ठिपका उमटला.

“विचित्रच आहे. माणसं पूर्वीइतकीच येतायत, थोडी जास्तच. पापड बघतात. पाकीट निवडतात. आणि मग थांबतात.”

“का थांबतात?”

“थांबतात आणि फोन करतात.” त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. “प्रत्येक पानावर मी ते हिरवं बटण टाकलंय ना, ‘शंका आहे? आम्हाला फोन करा’. त्याने विश्वास वाढतो. एवढ्या दिवसांत सव्वाशे लोकांनी ते दाबलंय, आणि त्यातल्या एकानेही परत येऊन ऑर्डर दिलेली नाही. ताई, फोनवर कोण बोलतं?”

“माझ्याकडे तर एकही फोन आला नाही.”

“हा नंबर तुम्हीच दिलात.”

समीक्षाने नंबर वाचला. पहिल्या चार आकड्यांतच तिने तो ओळखला. स्वतःच्या मोबाइलवर आवडी गाणी लावते, कुणाचा फोन चुकायला नको, म्हणून तिने फॉर्मवर घरातल्या दुसऱ्या फोनचा नंबर दिला होता. बटणांचा फोन. तो सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत असायचा. एवीतेवी कोण फोन करतंय, असं वाटून ती विसरूनही गेली होती. गेले काही दिवस सासूबाई गॅलरीत बसून फोनवर बोलताना दिसायच्या, आणि समीक्षाला कौतुक वाटायचं, की भाचरं किती आठवणीने फोन करतात!

परतीची गाडी रोह्याला पोचेपर्यंत आवडी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक म्हशीला डोळे आहेत का ते मोजत होती.

घराचं दार लोटलेलंच होतं. आत शिरता शिरता गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला. समीक्षा चपला न काढता उभी राहिली.

“…नाय ओ, पापड चांगलेच हायत, आमच्या इंदूच्या हातचे. पन आत्ता पावसाचे घेऊ नका. वाटेत भिजतील, मऊ पडतील, मग तुम्ही म्हननार फसवलं. दसरा होऊ दे. व्हय, व्हय. किती मानसं तुम्ही? दोघंच? मग चार पाकिटं कशाला? एक घ्या. आन बीपी हाय म्हनालात ना, मग मिरगुंडांच्या वाटेला जाऊच नका, तेल लय पितात ती. वाल? वाल घ्या की. पन ते गेल्या वर्साचे हायत हां, शिजायला येळ लागतो. नवे आले की मी सांगते. नंबर ठेवा. सुनबाईला आठवन काढली म्हनून सांगा. चला, जपा.”

फोन पिशवीत गेला. हात परत बिरडं सोलायला लागले. श्रावणात घरात दुसरी भाजी शिजत नाही असं म्हणायला हरकत नाही. परातीत मोड आलेले वाल, एका बाजूला सालं, एका बाजूला पांढरेशुभ्र दाणे.

“आई,” समीक्षा म्हणाली. ओरडावं असं तिने अख्ख्या गाडीत ठरवलं होतं. आवाज भलताच बारीक आला. “असे किती फोन आले तुम्हाला?”

“लय येतात गो! रोज सहा-सात. चांगली मानसं हायत. एक बाई तर तिच्या सुनेचं सगळं सांगते मला.” सासूबाईंचा चेहरा उजळला. “मला वाटलं तूच सांगितलंस त्यांना, शंका असली तर आईंना विचारा म्हनून.”

“आणि तुम्ही सगळ्यांना नको घेऊ म्हणून सांगितलंत?”

“नको कुठं म्हनाले? खोड सांगितली.” त्यांना प्रश्नच कळेना. “आमच्याकडं वालाचं बियानं मागायला कुनी आलं, की माझा बाप आधी खोड सांगायचा. ह्याला कीड लवकर लागते, हे निम्मं उगवेल. मग माप भरायचा. न सांगता दिलं आन त्याचं शेत फुकट गेलं तर? तोंड कुठं दाखवनार?”

“मग घ्यायचे का लोक बियाणं?”

“घ्यायचे की. त्याच्याकडचंच घ्यायचे. दुसऱ्या वर्सी.”

दुसऱ्या वर्षी! समीक्षाच्या हातात उद्याचा एक दिवस होता. तिने बसून सगळं सांगितलं. इंदुबाई, व्यापारी, त्याची चिठ्ठी, रविवार. सांगता सांगता रडू आलं, त्याचा तिला फार राग आला, आणि रागाने आणखी रडू आलं.  सासूबाईंच्या हातातला दाणा अर्धवट सोललेला तसाच राहिला.

“मला ठावं नव्हतं गो,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला वाटलं मी तुझ्या दुकानाची अब्रू राखते.” मग कमरेची पिशवी सोडली, फोन काढला, परातीच्या कडेवर ठेवला. “हा घे. मी नाय बोलनार आता. एक शब्द नाय.”

त्यांनी तो फोन ज्या हळुवारपणे ठेवला, तो बघून समीक्षाला वाटलं, आपण कुणाच्या तरी हातचं काम काढून घेतलंय. सव्वाशे घरं त्या फोनमध्ये होती. पण हर्षदने तोवर हमरापुरातून ते हिरवं बटण काढूनही टाकलं होतं.

रविवार उजाडला. आता वेबसाइटवर ना बटण होतं, ना लिंबू. सकाळपासून तीन ऑर्डरी आल्या, खऱ्या, नवऱ्याला शपथ घालून विचारलेल्या. सातशे पाकिटांपुढे तीन म्हणजे काय, हे इंदुबाईंना सांगायचं धैर्य नव्हतं. दुपारी जेवणं झाली. सासूबाई खाली बसून पुन्हा बिरडं सोलत होत्या, आवडी सालं वेचून त्यांची गाडी करत होती. आणि परातीजवळचा फोन वाजला.

बटण गेलं होतं, पण नंबर लोकांनी जपून ठेवला होता.

सासूबाईंचा हात सवयीने पुढे गेला आणि तसाच मागे आला. त्यांनी मान खाली घातली. समीक्षाने फोन उचलला.

“आजी आहेत का?” बदलापूरच्या कुणी बाई होत्या. “कामात आहेत? तुम्ही सूनबाई का? बरं झालं. अहो, आमच्या सुनेचा पहिला ओवसा आहे यंदा गौरीला, सुपं भरून वाटायची. सगळ्या नातेवाइकांच्या सुपात पेणच्या पापडांचं पाकीट द्यायचं ठरवलंय. आमचं माहेर तिकडचंच ना! दीडशे पाकिटं लागतील.”

 दीडशे! दीडशे गेली तर इंदुबाई बाकीची नक्की ठेवतील.

“पाठवते की. परवापर्यंत मिळतील.”

“हां, पण एकच. मागे आजी म्हणाल्या होत्या, पावसात घेऊ नका, मऊ पडतील. सुपात घालायचे, लोक नावं ठेवतील हो. तुमच्यावर अविश्वास नाही, पण विकणारा चांगलंच सांगणार ना? आजींचा शब्द मला पक्का. त्यांना एवढं विचारता? त्या म्हणाल्या चालेल, तर लगेच पैसे पाठवते.”

समीक्षाने फोन कानापासून दूर धरला. समोर तीन पावलांवर सासूबाई. वर न बघणाऱ्या. दिला शब्द पाळणाऱ्या. नुसतं ‘आई’ म्हटलं असतं तरी त्यांनी मान वर केली असती, आणि मग त्या काय म्हणाल्या असत्या हे समीक्षाला पाठ होतं. पापड काही वाईट नव्हते. दोन पिशव्यांत बांधले असते, वर प्लॅस्टिक गुंडाळलं असतं, तर कदाचित झालंही नसतं काही. कदाचित. बाहेर पागोळ्या गळत होत्या. इंदुबाईंच्या माळ्यावर सातशे पाकिटं होती, आणि पेठेतल्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या छापून तयार असतील.

तिने पाच आकडे मोजले, विचारून आल्यासारखे.

“विचारलं,” ती फोनवर म्हणाली. “आजी म्हणतायत, बिनधास्त घ्या. काही होत नाही.”

“वा! मग प्रश्नच मिटला.”

पैसे दोन मिनिटांत आले. समीक्षाने लगेच इंदुबाईंना फोन लावला. “दीडशे गेली म्हनतेस? एका घरात?” इंदुबाई तिकडून ओरडल्या, मागे बायकांचा कल्ला ऐकू आला. “ऱ्हाऊ दे मग तो व्यापारी. दसऱ्यापर्यंत ठेवते तुझ्यासाठी!” अक्षय आतून धावत आला आणि त्याने तिच्याकडे बायको असल्यासारखं न बघता मालकीण असल्यासारखं बघितलं. दारातून वैशालीवहिनींनी “काय झालं, काय झालं?” विचारलं आणि ऐकल्यावर लिंबाचा गुण म्हणून श्रेयही घेऊन टाकलं.

मग सगळे आपापल्या कामाला गेले. घर पुन्हा शांत झालं.

सासूबाई बिरडं सोलत होत्या. एक दाणा, एक साल, एक दाणा, एक साल.  फक्त सोललेल्या दाण्यांची परात नेहमीसारखी समीक्षाकडे न सरकवता त्या तशीच मांडीशी धरून बसल्या होत्या.

सालांच्या गाडीवरून आवडीने मान वर केली. आधी आजीकडे बघितलं, मग आईकडे.

“आई,” ती म्हणाली, “आजी असं कधी म्हणाली?”